बिनकडीचं दार

सुनेनं न्हाणीची कडी काढून टाकावी आणि सासूला तोंडानं साधं सांगूही नये, ही कोणत्या घरची रीत, हे नंदाबाईला कोणीतरी समजावून सांगायला पाहिजे होतं. गरम पाण्याची बादली आत ठेवून झाली होती, पातळ अर्धं सुटलं होतं, हात सवयीनं दाराच्या वरच्या अंगाला गेला आणि बोटांना कडी लागलीच नाही. लागली ती स्क्रूची भोकं, आणि भोकांच्या कडेला अजून झडत असलेला लाकडाचा भुसा. तिनं दार लोटलं, ते हळूच परत आलं. पुन्हा लोटलं, पुन्हा आलं, पलीकडून कोणी बोट लावल्यासारखं. शेवटी बादलीच दाराला टेकवली आणि उकिडवी बसून, फटीवर नजर ठेवून, ती अंगावर पाणी घेत राहिली. तांड्यावर असताना नदीत, विहिरीच्या काठाला, उघड्या आभाळाखाली अंघोळी केल्या, तेव्हा लाज वाटली नव्हती. आज यवतमाळात, पक्क्या चार भिंतींत, पाठ झाकेना. निघून पडली म्हणावं तर कडी खाली कुठं नव्हती. पडलेली वस्तू आपले स्क्रू गोळा करून सोबत घेऊन जात नाही. ही काढलेली होती, पेचकस लावून, दमानं. आणि पोरानं, संजयनं, पेचकस तर सोडाच, पाण्याचा पेला आपल्या हातानं उचलल्याला महिने झाले होते. म्हणजे अंजूच. सकाळी मेडिकलवर कामाला जाताना पर्स काखेत मारून तीच अंजू किती गोड बोलली होती, "आई, आज कुठं जाऊ नका बरं, घरीच राहा." नंदाबाईनं तेव्हाच विचारलं होतं, "काहून? मी का बकरी हाओ का, खुट्याले बांधून ठेवाले?" त्यावर ती हसलीही नव्हती. नुसतं मागच्या खोलीच्या दाराकडं पाहून निघून गेली होती.

आई म्हणते ती. लग्न होऊन आली त्या दिवसापासून आईच म्हणते. नंदाबाईच्या मनात हे कुसळासारखं रुतून बसलेलं. गोरमाटीची, म्हणजे बंजाऱ्याचीच लेक, पण पोलीस लाइनीत वाढलेली, बापानं घरात बोली बोलूच दिली नाही. गोरमाटीत मायला याडी म्हणतात. आणि इथल्या मराठीत येडी म्हणजे डोकं फिरलेली. दोन्हींत फरक तो केवढा, जिभेच्या एका वळणाचा. संजय लहानपणी पांढरकवड्याच्या शाळेत होता, तिथं ती त्याला भाकर द्यायला गेली, आणि तो मैदानातून ओरडत धावला, "याडी! याडी आयी!" सगळी पोरं पोट धरून हसली, मायले येडी म्हनते म्हणून. दुसऱ्या दिवशी फेट्या-कांचळीची घागरा-चोळी घालून, हातभर चुडे वाजवत ती शाळेत गेली आणि मास्तरांना सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "मास्तर, तुमच्या पोरायले कान हायेत का भोकं? मी दुसरी शिकली, पन मले मायचा अन् येडीचा भेद समजते." मास्तर टोपी सारखी करत राहिले. तो किस्सा तिनं तांड्यात किती वर्षं सांगितला. अंजूलाही सांगितला होता, ती आल्या आल्या, मुद्दाम. पोरगी नुसती हसली आणि म्हणाली, "चहा ठेवू का आई?"

म्हणून काल तिसऱ्या प्रहरी जे कानावर पडलं ते तिनं दोनदा मनात फिरवून पाहिलं होतं, चूक तर नाही ना ऐकली. अंजू मागच्या मोरीवर फोनवर बोलत होती, आवाज दाबून, नळाची धार चालू ठेवून. नंदाबाई भिंतीच्या अलीकडं तूर निवडत होती. धार मध्येच बारीक झाली तेवढ्यात आलं ते असं: "येडीले सांगजो नोको हं. तिले समजलं त घर डोक्यावर घेईन. नाही, आता दवाखान्यात न्याचंच हाय. घरात एकलं सोडनं बराबर नाही." मग धार पुन्हा मोठी. तुरीतला खडा नंदाबाईच्या बोटात होता, तो तिनं टाकायच्या ऐवजी सुपातच परत टाकला. घरात बाया दोनच. एक फोनवर बोलत होती. मग येडी कोण राहिली? रात्रभर तिनं स्वतःला सांगितलं की नळाच्या आवाजात माणूस काहीही ऐकतं. पण आता बोटाला भुसा लागल्यावर तिला सांगण्यासारखं काही उरलं नाही. पातळ नेसून ती ओल्या पायांनीच घरभर फिरली. स्वयंपाकघरातली विळी जागेवर नव्हती. परवापासून भाजी चिरलेलीच येत होती मेडिकलच्या बाजूच्या दुकानातून, आणि तिला वाटलं होतं सुनेचे थाट वाढले. फिनाईलची बाटली न्हाणीच्या कोनाड्यातून गेलेली. मागच्या अंगणातली कपडे वाळवायची दोरी गेलेली, पोलकी आणि टॉवेल कुंपणाच्या भिंतीवर पसरलेले, वर दगड ठेवलेले. लहान लेकराच्या घरात जसं सगळं वर उचलून ठेवतात तसं कोणी हे घर तिच्यापासून उचलून ठेवलं होतं. आणि तेवढ्यात मोबाईल वाजलाच. अंजू. "आई, काय करून राह्यले? जेवले का?" नंदाबाई म्हणाली, "जेवाले विळी कुठं हाय?" विळीचं तिनं ऐकलंच नाही असं केलं. मग, "संजय काय करते?" "झोपला असन. तुहा नवरा दुसरं काय करते?" "जरा पाहून घेता का?" "तुले पाहाचं असन त घरी येऊन पाय," म्हणून तिनं फोन ठेवला. सासूवर पहारा ठेवायचा आणि वरून नवऱ्याचं नाव पुढं करायचं. हुशार, फार हुशार.

पण रागाच्या खाली काहीतरी थंडगार होतं, आणि ते रागानं झाकलं जात नव्हतं. आपण येडं झालो तर ते आपल्याला कळतं का? शेजारच्या विठ्ठलरावांना कुठं कळतं. एसटी डेपोतून रिटायर झालेला शिस्तीचा माणूस, साथीचा रोग येऊन गेल्याला वर्ष उलटलं तरी सकाळचा पेपर चिमट्यानं धरून उन्हात टाकतो, दुपारी पालथा करतो आणि मग वाचतो. बायको माहेरी निघून गेली तेव्हा तिची खुर्चीही धुऊन काढली. तांड्यावरची तिची नणंद, संजयची फुई बसंतीबाई अजून नातवाला दाराबाहेर सोडत नाही, पोरगं खिडकीच्या गजांना तोंड लावून बसलेलं असतं. नंदाबाई त्यांना बिनदिक्कत येडे म्हणायची. विठ्ठलराव डोक्याच्या डॉक्टरकडं जातात असं कळलं तेव्हा तर अंजूच्या देखत म्हणाली होती, "तथी जाऊन बसलं का माणूस कामातून गेला समज. आमच्या घरात हे नाटक नाही चालनार. माणसानं कसं दगडासारखं राहाव." आणि दगडासारखी ती राहिलीच होती. फक्त दगड बोलतो हे कोणाला सांगितलं नव्हतं. या कॉलनीत गोरमाटी बोलणारं कोणी नाही, अंजूला येत नाही, संजय कोणत्याच भाषेत बोलेना झाला. तोंडातली भाषा शिळ्या पिठासारखी आंबायला लागली. मग ती कुकरशी बोलायची. भाकरीशी. मेलेल्या नवऱ्याशी, बाबुलालशी तर रोजच, भांडण जिथं राहिलं होतं तिथून पुढं. एकदा वळून पाहिलं तर अंजू दारात उभी. हेच पाहिलं असेल तिनं. आणि न्हाणीतलंही ऐकलं असेल.

न्हाणीतलं कोणालाच माहीत नव्हतं. कडी लावून, नळ पूर्ण सोडून, ती तिथं रडायचा प्रयत्न करायची. रडणं म्हणजे डोळ्यांतून पाणी नव्हे, ते कांदाही काढतो. गोरमाटी बाया मयतीला येतात तेव्हा एकमेकींच्या गळ्यात पडून, डोकं खांद्यावर टाकून, सुरात रडतात. मेलेल्याचं नाव घेतात, तो कसा चालायचा, काय खायचा, शेवटचं काय बोलला, कोणाला काय देऊन गेला, सगळं त्या रडण्यात येतं, आणि दुसरी बाई त्यातलाच धागा उचलून पुढं नेते. नंदाबाई यात नावाजलेली. तीन तांड्यांतून तिला बोलावणी यायची. ती रडायला लागली की पुरुष माणसं बिड्या विझवून उठून जायची. आणि तिचाच नवरा गेला तेव्हा गळा मिळाला नाही. बाबुलाल सरकारी दवाखान्यात गेला तो आपल्या पायानं, जाताना म्हणाला, "दार लावून घे, मांजर शिरते." हेच शेवटचं. शाळा बंद पडल्या म्हणून संजयची शाळकरी पोरांची व्हॅन उभी होती आणि त्यानं शववाहिकेवर काम धरलं होतं, ड्रायव्हर मिळत नव्हते तेव्हा. बापालाही त्यानंच नेलं. रोग्याच्या घरची म्हणून तिला येऊ दिलं नाही, तांड्याची वाट बंद, बसंतीबाई फोनवर नुसती हॅलो हॅलो करत राहिली. संध्याकाळी संजय अंगणातच कपडे उतरवून, तिच्यापासून लांब उभा राहून म्हणाला, "झालं, याडी. बा झोपल्यासारखा दिसत होता. एकदम शांत." ती मान हलवून आत गेली आणि तिनं भात टाकला. रडायला गळा लागतो, आपला आणि दुसऱ्याचाही. महिन्यांनी बाया आल्या तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला फडकी, सगळ्या हातभर अंतरावर. मयतीचं रडणं शिळं होऊन गेलं होतं. त्यानंतर न्हाणीत कितीदा तिनं भिंतीला डोकं टेकून सूर लावून पाहिला. घशातून कुत्र्यासारखा कोरडा आवाज यायचा, तेवढाच.

तर हे असं. सुनेला कळलं, सासू न्हाणीत कोंडून घेऊन भुंकते. आता नेणार. नंदाबाईनं खाटेखालची पिशवी ओढली. दोन पातळं, पोलकी, चष्मा, बाबुलालचा मफलर. न्यायच्या आधी आपणच निघावं. तांड्यावर माणसं येडी असली तरी कोणी कड्या काढत नाही. संजयला म्हणावं, स्टॅंडवर सोडून दे. तो उठायचा नाहीच. तो कशासाठीच उठत नव्हता. रोग ओसरल्यावर शाळा सुरू झाल्या, व्हॅन पुन्हा सुरू झाली, आणि एक दिवस मोक्षधामाच्या वळणावर त्यानं पोरांनी भरलेली व्हॅन उभी केली आणि स्टेअरिंग धरून बसून राहिला. पोरं दप्तरं घेऊन पायी घरी गेली. त्याचा सोबती लालसिंग जाऊन त्याला घेऊन आला. अंजू म्हणाली ताप होता. तेव्हापासून व्हॅन लालसिंग चालवतो आणि हा मागच्या खोलीत. फोन वाजला की खाटेवर ताठ बसायचा. शववाहिकेवर असताना फोन वाजला म्हणजे कोणालातरी न्यायचं असायचं. नंदाबाई येता-जाता टोमणा मारायची, "उठा राजे, सूर्य डोक्यावर आला." तिला वाटायचं टोचलं की माणूस उठतो. बैलाचं तसंच असतं.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. त्यालाही कडी नव्हती, हे तिनं पाहिलं आणि वाटलं, घ्या, नवऱ्याच्या खोलीतही मी जाऊन कोंडून घेईन असं वाटलं काय हिला. पण आत पाऊल टाकल्यावर ती थबकली. संजय झोपलेला नव्हता. खाटेवर बसला होता, दाढी केलेली, केस ओले, धुतलेला शर्ट. अंथरुणाची घडी. खिडकीही उघडलेली, आणि जिनिंगकडं जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांचा आवाज खोलीत येत होता. किती दिवसांनी पोराचा चेहरा उजेडात दिसला.

"याडी, ये. बस," तो म्हणाला.

"बसत नाही. मी तांड्यावर चालली. तुह्या बायकोनं घराचा तुरुंग केला. मले स्टॅंडवर सोडून दे."

तिला वाटलं तो कूस बदलेल. तो हसला. समजूतदारपणे, मोठ्या माणसासारखा. "बराबर हाय. जाऊन ये. बसंतीफुईले बी बरं वाटन." मग पिशवीकडं पाहत म्हणाला, "अंजूले बी घेऊन जाय सोबत. आजच. तिले बी आराम नाही. चार दिवस राहा तथी."

"अन् तू?"

"मी एकला बरा हाओ." त्यानं उशीखालून मोबाईल काढला, बंद केलेला, आणि त्यावर व्हॅनची दुसरी किल्ली ठेवून तिच्या हातात दिली. "हे लालसिंगले देजो. त्याचा फोन जुना झाला. मले कामाचा नाही."

पहिल्यांदा तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. पोरगा मोकळा झाला, सरळ बोलला, देतो-घेतो आहे. ती वळलीही. उंबऱ्याशी पोचली आणि तिच्या घशात काहीतरी हललं. वर्षभर जे आलं नव्हतं ते आपोआप येत होतं, सूर, खालून, पोटातून, त्याला ती ओळखत होती, आणि सुराबरोबर शब्दही येत होते, कारण ते शब्द तिचेच होते. तांड्यातली एक पोर अशीच गेली होती, आपल्या हातानं, तेव्हा तिच्या मायच्या गळ्यात पडून नंदाबाईच रडली होती: काल न्हालीस गं बाई, केस विंचरलेस, सगळ्यांशी गोड बोललीस, बांगड्या बहिणीला दिल्यास, आम्हाला कसं नाही कळलं, आम्हाला कसं नाही कळलं. तेच शब्द. फक्त नाव दुसरं बसत होतं त्यात. काल दाढी केलीस रे, फोन मित्राला दिलास. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. दाताखाली कापड करकरलं. सूर आत दाबून धरताना डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि त्या अंधारीत एकेक वस्तू आपल्या जागेवर येऊन बसली: कडी, विळी, बाटली, दोरी. तिच्यापासून नव्हे. तिच्यापासून कोणी काही उचललं नव्हतं. "जरा पाहून घेता का." आणि मोरीवरचा तो फोन लालसिंगलाच असणार, तो तिला याडीच म्हणतो. याडीले सांगजो नोको. समोर आई म्हणणारी ती पोरगी पाठीमागं तिला याडी म्हणत होती, आणि तिनं, भेद समजणारीनं, ते येडी ऐकलं होतं.

ती उंबऱ्यावरच बसली. पाय ताठ करून, पाठ चौकटीला, असं की त्याला बाहेर पडायचं तर तिला ओलांडून जावं लागेल. पिशवी मांडीवर.

"जाऊन राह्यली ना याडी?" संजय म्हणाला.

"गुडघा धरला."

तो वाट पाहत राहिला. तीही. कापसाची एक गाडी गेली, दुसरी गेली. त्याच्या चेहऱ्यावरचा तो समजूतदारपणा हळूहळू पातळ होताना तिला दिसला. तिनं आयुष्यात कोणाशी आडून बोलून पाहिलं नव्हतं आणि आता ते शिकायला वेळ नव्हता.

"मराचं हाय का तुले?" ती म्हणाली.

संजयनं खिडकीकडं पाहिलं.

"म्या इचारलं काहीतरी. शिव्या नाही देत, इचारून राह्यली. मराचं हाय का?"

मग त्याची मान हलली, होकारात की थकव्यानं ते दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, पण तिला कळलं. ती जागची हलली नाही. हलली असती तर सूर सुटला असता.

"काहून?"

"झोप नाही येत, याडी." एवढंच म्हणाला, आणि मग जणू बांध फुटण्याइतकाही जोर त्याच्यात नव्हता तसं, थेंब थेंब बोलत गेला. गेटवर लोक हात जोडायचे. भाऊ, एकदा तोंड दाखवा. उघडायची परवानगी नव्हती. तो सगळ्यांना एकच सांगायचा, मी पाह्यलं, झोपल्यासारखे दिसतात, शांत. सगळ्यांना. त्यानं एकाचंही पाहिलं नव्हतं. "बाचं बी नाही पाह्यलं. पायाले नाव बांधलेलं होतं, तेवढंच पाह्यलं. एका गाडीत तिघं होते. मी उतरवलं, आग देली, दुसरा फोन आला, मी गेलतो. आता डोळे लावले का वाटते, कोनाले जाळलं म्या? बा होता का दुसरा कोनी? अन् बा असन त दुसऱ्यानं जाळला?" तो तिच्याकडं वळला. "तुले खोटं सांगतलं म्या. झोपल्यासारखा दिसत होता म्हनून."

"ते मले तवाच समजलं," नंदाबाई म्हणाली.

तो खाटेवर पुढं सरकला.

"तुह्या बापाची झोप म्या जन्मभर पाह्यली. तोंड वासून, घोरत, एक तंगडी खाटेखाली. कोंबडं बी घाबरे. एकदम शांत म्हने! म्या तवाच म्हटलं, पोरानं पाह्यलं नाही. अन् कसं पाहीन? कोन पाहू देते? म्हनून म्या काही इचारलं नाही तुले."

संजयच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. हसणं म्हणून निघाला असावा, अर्ध्यात मोडला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड धरलं आणि खाटेवर पुढं-मागं हलायला लागला. नंदाबाईला वाटलं उठावं, त्याचा गळा धरावा. पण रिवाजात तो गळा बायांचा होता, आणि त्याहून मोठी भीती ही की एकदा त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं तर घशातलं ते बाहेर पडेल, त्याच्याच नावानं. तिनं फक्त हात लांब केला आणि त्याच्या पायाचा घोटा धरला. घट्ट. घोटा गरम होता. घोट्याजवळची नाडी तिच्या बोटाखाली उडत होती. "कांयी कोनी," ती म्हणत राहिली, काही नाही, काही नाही, लहानपणी तापात म्हणायची तसं. तोंडातली आंबलेली बोली सापडेल त्या शब्दाला धरून बाहेर येत होती. तोही मध्येच त्याच बोलीत काहीतरी पुटपुटला. पाणी मागितलं. तिनं उठून आणलं नाही. "चाल, दोघं जाऊन पिऊ," म्हणाली, आणि घोटा सोडून मनगट धरलं, आणि माठापर्यंत जाऊन दोघं परत येऊन बसले, तो खाटेवर, ती उंबऱ्यावर. दुपार तशीच सरकली. तिचा मोबाईल दोनदा वाजला. तिनं उचलून एवढंच सांगितलं, "लवकर ये." अंजूनं का म्हणूनही विचारलं नाही.

अंजू आली ती पळतच. चप्पल पायात तशीच, ओढणी रिक्षात कुठं अडकून फाटलेली. मागच्या दालनात शिरताच तिला दिसलं: उंबऱ्यावर सासू, मांडीवर भरलेली पिशवी. ती भिंतीला धरून उभी राहिली. तिची नजर सासूच्या डोक्यावरून खोलीत गेली, खाटेवर, संजयच्या छातीकडं. छाती वरखाली होताना दिसली तेव्हा तिनं श्वास सोडला. नंदाबाईनं ती नजर पहिल्यांदा नीट पाहिली. किती महिने ही पोरगी अशी दारातून आधी छातीकडं पाहून घरात शिरत असेल. डोळ्यांखाली काळं झालेलं, गालाची हाडं वर आलेली. आणि आपण म्हणत होतो, मेडिकलच्या गोळ्या फुकट मिळतात तरी अंगी लागत नाहीत.

"आई, तुम्ही कुठं निघाले?" अंजूचा आवाज फाटला. "नका जाऊ. मी सांगते सगळं. मी तुम्हाला मुद्दाम नाही..."

"कडी तू काढली?"

"हो."

"इळी? दोरी?"

"हो, आई. लालसिंगच्या घरी ठेवली." ती रडायला लागली, सूर नाही, रीत नाही, पोलीस लाइनीतल्या पोरीसारखी, नाक ओढत. "उद्याचा दिवस घेतला डॉक्टरचा. संजयला न्यायचं आहे. तुम्ही म्हणाल नाटक, म्हणाल घराण्याचं नाव गेलं, म्हणून मी..."

संजय खाटेवरून म्हणाला, "अंजू, राहू दे."

"तू गप," नंदाबाई त्याला म्हणाली. चौकटीला धरून ती उठली. गुडघा खरंच धरला होता. पिशवी तिनं खोलीच्या आतच, त्याच्या खाटेच्या पायाशी ठेवली, आजपासून आपली जागा तीच असं ठरवून. मग सुनेपुढं येऊन उभी राहिली. अंजू मार चुकवावा तशी किंचित मागं सरली. नंदाबाईनं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"आयक अंजू. घर उकललं, कड्या काढल्या, ते तू बराबर केलं. पन एकली उकलत बसली, ते चुकलं तुहं. मी त्याची माय हाओ, मले पाव्हनी समजली तू. उद्या त्या डॉक्टरच्या दारात सगळ्यायच्या आंधी मी उभी राहीन, अन् कोनी इचारलं का म्हातारे, कोनाले आनलं, त मोठ्यानं संजयचं नाव सांगीन. मेल्याचं नाव घेऊन तीन तांडे आयकतीन असं रडता येते मले, त जित्याचं नाव घ्याले कायची लाज?"